हंडीच्या वाटेनं ये

आमच्या रसिकाचं, माझ्या नातीचं, लग्न झालं ते साल २०२४. हळद फेब्रुवारीत होती. अयोध्येच्या सोहळ्याला लावलेले झेंडे अजून गच्च्यांवर फडकत होते आणि माझ्या पुतण्यानं, महिपतनं, घरोघर वाटलेल्या पणत्या आमच्या ओट्यावर तशाच पडून होत्या. आमचं गाव दिवा आणि कोपरच्या मधे. गाव म्हणायचं ते सवयीनं. चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि मधे आम्हा आगऱ्यांची घरं राहिली.

मी गावची धवलारीण. नाव कलावती. आमच्यात लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्यांनी. आता भटजीही येतो, घाईत मंत्र म्हणतो आणि पुढचा मांडव गाठतो. पण हळद लागण्याआधी बोलावणं व्हावं लागतं, आणि ते धवलारीणच करते. आधी गावदेवीला आणि शिवेवरच्या देवांना आवतण, मग भाऊकीतल्या मेलेल्यांना. मेलेला माणूस ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत येतो, असं आमच्या घराण्यात मानतात. म्हणून त्याला त्याची वाट सांगून हाक मारायची. तापानं गेला त्याला अंथरुणाच्या वाटेनं, साप चावून गेला त्याला बांधाच्या वाटेनं. प्रत्येक हाकेला मांडवाच्या यजमानानं सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं, "ये, वाट मोकली हाय." बिनलग्नाचा गेला असेल त्याला तीनदा हाक आणि तीनदा उत्तर. वाट चुकीची सांगितली तर तो शिवेवर उभा राहतो, आणि यजमान गप्प राहिला तर धवलारीण पुढचं नाव घेत नाही. माझ्या सासूनं मला असंच शिकवलं होतं.

माझा नवरा दगडू मिठागरावर कामाला होता. उधाणाच्या भरतीत बांध फुटला आणि तो खाडीत गेला. रसिकाच्या हळदीला मी त्याला हाक मारली, "ये रे दगडू, खाडीच्या वाटेनं ये." माझा मुलगा साईनाथ पाटाशेजारी उभा होता. तो म्हणाला, "ये बाबा, वाट मोकली हाय."

माझ्यासमोर माइक धरून बसला होता तो साईनाथचा धाकटा, ऋतुराज. डोंबिवलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. काडीसारखा अंगानं, पण बसला तिथं हसू पिकवायचा.

"आजी, माइक तोंडाजवल घे ना. सभेतल्या पुढाऱ्यासारखी लांबून काय बोलतेस?"

"पुढाऱ्याला आपलं बोलणं आपल्यालाच ऐकवत नाय, म्हणून तो लांबून बोलतो."

"मग तू खा तो माइक. बहिणीच्या लग्नात माइकचे पैसे वाया नको जायला."

बायका हसल्या. तेवढ्यात महिपत आला, फोटोवाल्याला पुढं घालून. महिपत म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा, शांताबाईचा मुलगा. माजी नगरसेवक. महापालिकेची निवडणूक कितीतरी वर्षं लांबली होती, त्यामुळे सगळेच माजी झाले होते. पण हा फलकावर 'माजी' इतकं बारीक लिहून घ्यायचा की जवळ जाऊन बघावं लागे. गावाला पाणी त्याच्या टँकरनं यायचं. त्यातला एक टँकर साईनाथ चालवायचा. आम्ही राहत होतो ती इमारत महिपतनं भाऊकीच्या जमिनीवर बांधलेली, खोल्या आमच्या नावावर व्हायच्या बाकी होत्या. त्यानं माझ्या हातातून माइक घेतला, नवरीला आशीर्वाद दिले, देशाचं भलं होणार म्हणून सांगितलं, फोटो काढले आणि गेला. मी अर्धवट राहिलेलं बोलावणं पुन्हा धरलं.

ते वर्ष निवडणुकीचं होतं. मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं. उन्हात रांगा लागल्या. महिपतनं आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना रिक्षातून नेलं आणि आणलं. मतदान झालं त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या एमआयडीसीत कारखान्याचा स्फोट झाला, आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या, माणसं मेली. पावसाळा सुरू झाला तशी बायकांना सरकार पैसे देणार अशी बातमी आली. महिपतनं आपल्या कचेरीसमोर मंडप घातला आणि गावातल्या झाडून सगळ्या बायका तिथं उभ्या राहिल्या. मीही राहिले. महिपत खुर्चीवरून उठून मला म्हणाला, "काकी, तुम्ही रांगेत? अहो, घरचं माणूस!" आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. त्याला विधानसभा लढवायची होती. तिकीट वरून मिळायचं होतं आणि वरच्यांना गर्दी दाखवायची होती.

त्या गर्दीसाठी त्यानं दहीहंडी केली. सत्तावीस ऑगस्ट. नाक्यावरचा रस्ता बंद, क्रेनला टांगलेली हंडी, स्टेजवर नाचणाऱ्या मुली, आणि स्टेजच्या मागे इमारतीएवढा महिपतचा चेहरा. आमच्या गावचं पथक सात थर लावणार होतं. ऋतुराज वरून दुसरा. मी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बायकांमध्ये बसले होते.

वर चढणाऱ्या पोरांच्या कमरेला पट्टा बांधायचा आणि त्याची दोरी वरून धरायची असा आता नियम आहे. ती दोरी होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. पण ती बरोबर महिपतच्या चेहऱ्यावरून खाली येत होती. वाहिनीचा कॅमेरावाला काहीतरी म्हणाला, महिपतनं वळून आपल्याच चेहऱ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली. माणसांनी दोरी ओढून बाजूच्या खांबाला बांधून टाकली. मी गच्चीवरून ओरडले, "दोरी! अरे, दोरी लावा!" त्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार?

सातवा थर लागला. ऋतुराजनं गच्चीकडे बघून मला हात केला. मग खालच्या एकाचा खांदा सरकला.

गाणं थांबलं नाही. महिपत माइकवर म्हणत होता, "गोविंदा, घाबरायचं नाय! पुढचं पथक, या!" मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत ऋतुराज तिथं नव्हता. स्टेजच्या बाजूला रुग्णवाहिका उभी होती, तिच्यातही नव्हता. रुग्णवाहिका हलली असती तर कॅमेरे तिच्यामागे गेले असते. महिपतच्या माणसांनी त्याला मागच्या गल्लीतून एका गाडीत घातलं आणि ठाण्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, बाईकवरून पडला. एक फुटकी बाईकसुद्धा आणून ठेवली होती.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर होते. साईनाथ आत गेला. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता पाणी प्यायला लागला.

"काय सांगितलंस?"

"बाईक."

"साईनाथ!"

"आई, तू गप बस. महिपतशेठ म्हणतात, सगळा खर्च त्यांचा. हंडीचं नाव घेतलं तर केस होईल, मग त्यांचं तिकीटही गेलं आणि आपली खोलीही गेली. पोरगा वाचायला पाहिजे का नको?"

"तू बघितलंस ना, दोरी कोणी काढायला लावली?"

"मी काय नाय बघितलं," तो म्हणाला. तो पथकात खालच्या थरात होता. त्यानं कशी बघितली असेल? पण आख्ख्या नाक्यानं बघितली होती. संध्याकाळपर्यंत आख्खा नाका बाईकच म्हणायला लागला.

ऋतुराज वाचला नाही.

दहाव्याच्या आधीच नाक्यावर फलक लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. दुचाकी अपघातात दुःखद निधन.' मधे ऋतुराजचा कॉलेजातला फोटो, आणि बाजूला हात जोडलेला महिपत. त्याचा फोटो मोठा होता. मी दूध आणायला त्या फलकाखालून जायचे. रचना, माझी सून, तो रस्ता सोडून रेल्वेच्या बाजूनं वळसा घालून जायची.

मी पोलीस ठाण्यात गेले होते. तिथल्या साहेबानं मला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "आजी, बापाचा जबाब आहे. तुम्ही म्हणता ते सांगणारा दुसरा कोणी आणा." मी दारोदार गेले. पथकातली पोरं दार लोटून घ्यायची. ज्या बायका माझ्या शेजारी गच्चीवर बसल्या होत्या त्या म्हणायच्या, "कलावतीबाय, आमचं पण पाणी त्याच्याच हातान हाय." त्या दिवसापासून मी कोणाला विचारणं सोडलं.

गणपती गेले. मग महिपतनं 'कै. ऋतुराज स्मृती चषक' ठेवला, टेनिस बॉलचे सामने. बक्षीस समारंभात त्यानं पोरांना हेल्मेट वाटली. हेल्मेटवर ऋतुराजचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'वाहतुकीचे नियम पाळा.' एक हेल्मेट आमच्याही घरी पाठवलं. रचनानं ते हातात घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं आणि खिडकीतून खाली टाकून दिलं. साईनाथ जेवत होता. तो जेवण टाकून उठला.

तेव्हाच मी ठरवलं. मला त्याचं तिकीट नको होतं, पैसे नको होते, तो तुरुंगात गेला असता तर त्यातही मन भरलं नसतं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, चारचौघांत, माइकवर. कसं ते मला अजून सुचत नव्हतं.

तिकीट त्याला मिळालंच नाही. ऐनवेळी दुसऱ्याला गेलं. महिपतनं बंड केलं आणि अपक्ष उभा राहिला, कपबशी चिन्हावर. दिवाळी झाल्या झाल्या त्याची कपबशी घरोघर आली, खरीखुरी, चिनीमातीची. पण अपक्षाला गर्दी कुठून मिळणार? आणि आचारसंहिता लागलेली, जेवणावळी घालायची चोरी. मग त्यानं डोकं चालवलं. त्याच्या मुलीचं, मेघनाचं, लग्न जमलेलं होतं, मेमध्ये करायचं होतं. ते त्यानं पुढं ओढलं. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे हळदी सुरू होतात. मतदान वीस नोव्हेंबरला, हळद सोळाला. लग्नाचं जेवण म्हटल्यावर कोण काय बोलणार?

भाऊकीत पोर गेलेलं, वर्षही झालं नव्हतं. जुन्या माणसांनी कुजबुज केली. त्यांना गप्प करायचं तर हळद रीतीनं झाली पाहिजे, आणि रीतीनं म्हणजे मी. माझ्यानंतरची धवलारीण गावात तयारच झाली नव्हती. म्हणून महिपत माझ्या दारात आला. सोबत शांताबाईला आणलं होतं.

"काकी, झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "माझा पण तो पुतण्याच होता. पण मेघनाची हळद तुमच्याशिवाय कशी लागणार? आई म्हणते, कलावती नाय तर हळद नाय."

"डीजे लाव ना," मी म्हटलं. "तुझा डीजे कोणासाठी थांबत नाय."

टोमणा त्याला लागला, पण तो हसला. "डीजे आहेच. तुमचं आधी, डीजे नंतर. माइक तुमच्या हातात. बास?"

शांताबाई माझा हात धरून म्हणाली, "कला, पोरीनं तुझं काय केलंय? तिच्यासाठी तरी ये." शांताबाईला खरं काय झालं ते ठाऊक होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तिला गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नव्हतं आणि तिला सगळं महिपतच सांगायचा.

"सगळं रीतीनं करणार असशील तर येते," मी महिपतला म्हटलं. "बोलावणं पुरं झालं पाहिजे. मधे माइक घ्यायचा नाय, आणि उत्तरं तू स्वतः द्यायची."

"काकी, तुम्ही म्हणाल तसं!" तो म्हणाला. त्याला बोलावणं म्हणजे म्हातारीचं गाणं एवढंच माहीत होतं. तो प्रत्येक हळदीला येत होता, पण फोटोपुरता. त्यात काय काय बोलतात हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

तो गेल्यावर रचना आतून बाहेर आली. म्हणाली, "आई, तुम्ही त्याच्या मांडवात गाणार?"

"ऋतुराजला बोलवायचं आहे."

तिनं फळीवरून तांदळाचं सूप काढलं. मग म्हणाली, "मग नीट बोलवा त्याला. चुकवू नका."

"साईनाथचं काय होईल?"

"त्यानं बाईक म्हणून सांगितलं तेव्हा मला विचारलं होतं का?" रचना म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

हळदीच्या संध्याकाळी मैदानावर मुंगीला वाट नव्हती. दिव्यातल्या चाळी, कोपरच्या सोसायट्या, पार कल्याणहून माणसं आली होती. मटणाचे टोप उकळत होते. चहा कागदी पेल्यातून नव्हता, कपबशीतून होता. फलक एकही नव्हता. वाढपी मात्र ताटात भाकरी टाकताना "वीस तारखेला लक्ष असू द्या" म्हणत होते. पोरांनी मोबाइल वर धरले होते. स्टेजवर पाट मांडलेला, त्यावर मेघना पिवळ्या साडीत. शेजारी शांताबाई खुर्चीवर, मांडीवर हळदीची वाटी घेऊन. महिपत पांढऱ्या कपड्यांत, कॉलरला लावलेला माइक. साईनाथ टँकरच्या कामावर होता, मैदानाच्या कडेला नळी सोडून उभा. त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

मी गायला लागले. देवांना बोलावलं. मग भाऊकीतले मेलेले, जुन्यापासून. महिपत खड्या आवाजात उत्तरं देत होता. गर्दीला गंमत वाटायला लागली. दोन-चार नावांनंतर पोरंही त्याच्याबरोबर ओरडायला लागली, "ये, वाट मोकली हाय!" महिपतला ते आवडलं. तो हात वर करून त्यांना आणखी चढवत होता. सभेसारखं झालं होतं. मी माझ्या दगडूला बोलावलं, खाडीच्या वाटेनं. महिपतनं उत्तर दिलं. मैदानानं उत्तर दिलं.

मग मी म्हटलं, "ये रे ऋतुराज, माझ्या साईनाथच्या पोरा, बिनलग्नाच्या बाळा."

मैदानाचा आवाज उतरला.

"हंडीच्या वाटेनं ये."

"ये, वा..." महिपत सवयीनं बोलून गेला आणि थांबला.

पोरंही थांबली. चुलीवरच्या टोपांचा आवाज ऐकू यायला लागला. महिपतनं हसायचा प्रयत्न केला. त्याचा कॉलरचा माइक चालूच होता. "काकींचं वय झालंय," तो लोकांना म्हणाला. "काकी, रस्त्याची वाट. रस्त्याच्या वाटेनं बोला."

"रस्त्यानं तो गेला नाय," मी म्हटलं. "ये रे ऋतुराज, हंडीच्या वाटेनं ये. तुझी दोरी खांबाला बांधली होती, ती सोडून ये."

त्यानं डीजेवाल्याला खूण केली. तीच हाताची खूण, जी मी गच्चीवरून बघितली होती. गाणं दणक्यात सुरू झालं. तेवढ्यात मेघना पाटावरून उठली, स्वतः जाऊन डीजेवाल्यासमोर उभी राहिली आणि ओरडली, "बंद कर! बंद कर ते!" गाणं बंद झालं.

शांताबाईनं हळदीच्या वाटीवर पदर झाकला. "महिपत," ती म्हणाली, "कला काय विचारते ते ऐकलंस ना? उत्तर दे. नायतर सांग, ती खोटं बोलते म्हणून."

महिपत माझ्याजवळ आला. कॉलरचा माइक मुठीत दाबून धरला होता. हळू आवाजात म्हणाला, "काकी, चार दिवसांवर मतदान आहे. घरात बसून काय ते बोलू. तुम्ही म्हणाल ते करतो."

"घरात तो नाय."

"साईनाथ आत जाईल. खोटा जबाब दिलाय त्यानं. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय."

"खोली जाईल."

"तुझ्या तोंडातून उत्तर येऊ दे, महिपत. मला दुसरं काय ऐकू येत नाय."

मेघना परत पाटावर बसली नव्हती. "पप्पा," ती म्हणाली, "मी होते त्या दिवशी स्टेजवर. तुमच्या मागेच होते. तुम्ही बोला, नाहीतर मी ही हळद लावून घेणार नाही."

नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघत होती. मुलाचा बाप चपला शोधायला लागला होता. मैदानभर मोबाइलचे दिवे वर होते आणि महिपतच्या कपाळावरचा घाम सगळ्यांना दिसत होता. त्याच्या जिवाला दोनच गोष्टी होत्या, आमदारकी आणि मेघना, आणि त्यातली एकच हाताला लागणार होती. मला त्याची दया आली का? नाही आली. मला ऋतुराजचा गच्चीकडे वर केलेला हात दिसत होता.

महिपतनं मूठ सोडली. "ये," तो पुटपुटला. "वाट मोकली हाय."

"त्याला ऐकू गेलं नाय," मी म्हटलं. "कोणत्या वाटेनं ते सांग."

"हंडीच्या..." त्यानं मेघनाकडे बघितलं. "हंडीच्या वाटेनं ये. वाट मोकली हाय."

मैदानातून कोणीतरी बाई रडायला लागली. मी रीत सोडली नाही. दुसऱ्यांदा हाक मारली. त्यानं दुसऱ्यांदा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा मारली. तिसऱ्या वेळी त्यानं मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघूनच बोलला, आणि मीही त्याच्याकडे बघत राहिले. मग मी पुढची ओवी धरली आणि शांताबाईनं वाटीवरचा पदर काढला. मेघनाला हळद लागली. मी शेवटपर्यंत गायले. जेवले नाही.

रात्र सरायच्या आत ते चित्रीकरण सगळ्यांच्या फोनवर गेलं. विरोधकांनी ते रिक्षांवर पडदे लावून फिरवलं. तेवीस नोव्हेंबरला मतं मोजली, महिपतची अनामत गेली. काही म्हणतात तो तसाही पडणार होता, अपक्षाला कोण विचारतं. म्हणू देत. पोलिसांनी त्याला बोलावलं, मग ज्या पोरांनी दारं लोटली होती ती एकेक करून बोलायला लागली. गुन्हा लागला, जामीन झाला, तारखा पडताहेत.

साईनाथलाही बोलावलं. दोन वेळा गेला, तिसऱ्यांदा जाऊन आल्यावर म्हणाला, "आई, शेठला तू धरलंस ते ठीक. पण मी ऋतुराजचा बाप होतो. मला आधी सांगायचं होतंस."

"आधी सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस?"

 तो शहाडला एका मित्राकडे राहायला गेला, तिथंच कोणाचा तरी टेम्पो चालवतो. रसिकाशी फोनवर बोलतो, माझ्याशी नाही. खोली गेली. मी आणि रचना दिव्याला भाड्यानं राहतो. पाणी एक दिवसाआड येतं. ते भरताना रचना कधी कधी म्हणते, "आई, तेच परत करायची वेळ आली तर?" मी म्हणते, परत करीन. ती म्हणते, मी पण.

महिपत संपलेला नाही. अशी माणसं संपत नाहीत. महापालिकेच्या निवडणुकीची चर्चा सुरू झाली तसे त्याचे फलक पुन्हा दिसायला लागले, आणि त्याची माणसं दिव्यातही येऊन सांगतात की त्या संध्याकाळी म्हातारीनं हळदीत गोंधळ घातला, शेठनं पोरीच्या सुखासाठी काहीतरी बोलून टाकलं, बिचाऱ्या पोराचा बाईकनंच घात केला. परवा भाजीवालीनंसुद्धा मला विचारलं, "आजी, नक्की बाईकच होती ना?" तिला मी सांगितलं. तुम्हालाही सांगते.

ऋतुराज साईनाथ, माझा नातू, वय एकोणीस, २७ ऑगस्ट २०२४ ला महिपतच्या दहीहंडीत दोरी नसताना सात थरांतल्या सहाव्या थरावरून पडला आणि ३० ऑगस्ट २०२४, शुक्रवारी सकाळी ठाण्याच्या दवाखान्यात मेला.